सगळ्यांनी दहापैकी दहा दिले आणि मला जांभया आल्या

पत्र थोडक्यात: लिहिणारा मुलगा २४ वर्षांचा, गाव कराड, पहिली नोकरी पुण्यात, हिंजवडीजवळ मित्राबरोबर भाड्याच्या रूमवर राहतो. ईएमआयवर घेतलेला गेमिंग लॅपटॉप आहे, त्यात ३०५० चं चार जीबीवालं ग्राफिक्स कार्ड. वर्षाला तीन-चार मोठे गेम घेण्याइतकेच पैसे बाजूला पडतात, म्हणून रिव्ह्यू वाचल्याशिवाय काही घेत नाही. २०२५ मध्ये ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ घेतला, मार्क नव्वदीच्या आसपास आणि लॅपटॉपवर मात्र स्लाइड शो. मग ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३’ घेतला, त्याचं तर सगळीकडे कौतुक, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी झेलायच्या नादात वैतागला, मॅप नाही म्हणून गोल गोल फिरला आणि सहा तासांत कंटाळून सोडला. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर कॉलेजच्या मित्रांना मात्र ‘संपवला, रडलो’ असं ठोकून दिलंय. आता ते शेवटाबद्दल बोलायला लागले की हा माइक म्यूट करतो. विचारतोय, ‘ताई, हे रिव्ह्यूवाले विकले गेलेत की माझ्यातच काहीतरी कमी आहे? आणि आता हॉलो नाइटचा पुढचा भाग, सिल्कसाँग, घेऊ का, की त्यातही फसेन?’

अरे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या म्यूट बटणापाशी अडकले. पैसे गेले, लॅपटॉप तापला, ते ठीक आहे, पण चार मित्र शेवटाबद्दल बोलतायत आणि तू हेडफोन लावून गपचूप स्पॉयलर ऐकत बसलायस, म्हणजे गेमही गेला आणि गप्पाही गेल्या. त्याच्याकडे येते मी, आधी तो ‘विकले गेलेत’वाला आरोप बघू, कारण माझा भाचाही दर आठवड्याला तेच म्हणतो. त्याला आवडलेल्या गेमला कमी मार्क पडले की रिव्ह्यूवाले अडाणी आणि न आवडलेल्याला जास्त पडले की पाकिटं पोचली.

रिव्ह्यू तयार कसा होतो ते बघ. कंपनी रिलीजच्या आधी गेम डाउनलोड करायचा कोड पाठवते आणि सोबत तारीख सांगते, या तारखेच्या आधी एक अक्षर छापायचं नाही. हातात असतो एखादा आठवडा, फार तर दहा दिवस, आणि गेम असतो चाळीस-पन्नास तासांचा. मग तो बिचारा रात्र रात्र जागून खेळतो, निम्मं धावत पळत उरकतो आणि डोळे चोळत लिहितो. घाईतल्या, थकलेल्या माणसाचं ते प्रामाणिक मत असतं. तू तोच गेम जेवण झाल्यावर रोज एक तास खेळणार. दोघांचा गेम एकच, पण खेळणं वेगळं, त्यामुळे मत वेगळं निघालं तर त्यात पाकीट शोधायची गरज नाही.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या असतात असं मी मुळीच म्हणत नाहीये हां. सायबरपंक २०७७ हा गेम आठवतो ना? डिसेंबर २०२०. रिलीजच्या आधी रिव्ह्यूवाल्यांना फक्त पीसीवरची कॉपी दिली होती आणि व्हिडिओत स्वतः खेळलेलं दाखवायचीही परवानगी नव्हती, कंपनीने दिलेल्या क्लिपाच वापरायच्या. मार्क भरभरून पडले. १० तारखेला लोकांनी जुन्या पीएस४ मध्ये तो टाकला आणि पुढचं जगाने पाहिलं, आठवडाभरात सोनीने आपल्या स्टोअरवरून तो काढून टाकला, लोकांना पैसे परत केले, परत यायला जून २०२१ उजाडलं. आता यात रिव्ह्यूवाल्यांनी पैसे खाल्ले असं नाही, त्यांना जे ताट वाढलं त्याची चव त्यांनी सांगितली, आत दुसरं पातेलं करपलेलं होतं ते त्यांना कुणी दाखवलंच नाही. मला विचारशील तर ‘आम्हाला फक्त पीसीवर खेळू दिलंय’ हे वाक्य प्रत्येक रिव्ह्यूच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात यायला हवं होतं. तेव्हापासून मी मार्कांच्या आधी तेच शोधते, कुठल्या मशीनवर खेळलाय हा माणूस.

आणि आता तुझा वाइल्ड्स. इथे जरा रागावणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. तू नव्वदीच्या आसपासचे मार्क बघितलेस, पण स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात त्याच गेमच्या पानावर खाली मिनिमम रिक्वायरमेंट लिहिली होती ती बघितलीस का? सहा जीबी व्हीरॅमचं (म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी) कार्ड, तेसुद्धा सगळी सेटिंग सगळ्यात खालच्या लेव्हलला ठेवून, चित्र ७२० चं ताणून १०८० करायचं आणि एवढं करून सेकंदाला ३० फ्रेम. तुझं कार्ड चार जीबीचं. म्हणजे कंपनीनेच तुला आधी सांगितलं होतं की बाबा नको घेऊस, आणि तू चिडलायस भलत्यावर. शिवाय रिलीजच्या तीनेक आठवडे आधी गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने आपल्या मशीनवर तो कसा चालेल ते दाखवणारा फुकट बेंचमार्क ठेवला होता स्टीमवर, तो डाउनलोड करून चालवला असतास तर एक पैसा न घालवता उत्तर मिळालं असतं.

पण सगळा दोष तुझ्या कार्डाचाही नाही, कारण तुझ्यापेक्षा कितीतरी महागडे पीसी असणारेही बोंबलत होते. रिकमेंडेड म्हणून जे हार्डवेअर लिहिलेलं, त्यावरसुद्धा १०८० ला ६० फ्रेम हव्यात तर फ्रेम जनरेशन चालू करा असं होतं. म्हणजे दोन खऱ्या फ्रेमांच्या मधे कार्डाने स्वतः बनवलेली फ्रेम घुसडायची, दुधात पाणी घालून लिटर भरल्यासारखं. २८ फेब्रुवारी २०२५ ला गेम आला, स्टीमवर एका वेळी १३ लाखांवर लोक खेळत होते, महिन्याभरात एक कोटी कॉपी खपल्या आणि जून संपेपर्यंत ताज्या रिव्ह्यूंवर स्टीमचा सगळ्यात वाईट शिक्का बसला होता. समीक्षक म्हणत होते शिकार करायला मजा येते, ते खरं. लोक म्हणत होते चालत नाही, तेही खरं. डिजिटल फाउंड्रीसारखे निव्वळ तांत्रिक बाजू तपासणारे लोक आहेत, त्यांनी पीसी व्हर्जनचे चांगलेच वाभाडे काढले होते. एकाच गेमबद्दल हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तू तिन्हींचं उत्तर एका आकड्यात शोधत होतास.

त्या आकड्याचं पण एक गंमतशीर आहे. समीक्षकांच्या मार्कांची सरासरी काढणारी मेटाक्रिटिक नावाची साइट आहे, तिथे सिनेमाला ६१ पडले की हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ लागतात. आपल्या दहावीचं डिस्टिंक्शनच की. आणि आपण ते डोक्यात इतकं घट्ट बसवून घेतलंय की सातच्या खाली गेम म्हणजे नापास, आठ म्हणजे बरा, नऊच्या वर असेल तरच खिशात हात. २०१० मध्ये फॉलआउट न्यू वेगस आला, त्याच्या स्टुडिओला मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस मिळणार होता, आले ८४. एका मार्काने हुकलं. आजही लोक तो गेम डोक्यावर घेऊन नाचतात, पण बोनस काही आला नाही. सांगायचं कारण एवढंच की तो आकडा ज्यांच्या पगाराशी बांधलेला असतो त्यांच्यासाठी मोठा आहे, तू रात्री अकराला काय खेळावंस हे त्याने ठरवायचं काही कारण नाही. आपल्या पुण्यातल्याच नोडिंग हेड्स गेम्सने २०२० ला ‘राजी’ काढला, त्याची चित्रं, देवळं, पौराणिक गोष्ट लोकांना फार आवडली, मारामारी आणि कॅमेऱ्याबद्दल तक्रारी आल्या, मार्क साहजिकच मधले. मला मारामारीत तसाही रस नसतो, मी तो भिंतींवरची चित्रं बघत बघत खेळले आणि दोन संध्याकाळी मस्त गेल्या. आकडा बघून ठरवलं असतं तर घेतलाच नसता.

मग तू म्हणशील, समीक्षक सोडा, पब्लिक खरं बोलतं. बोलतं रे, पण पब्लिक काय बोलतंय ते वाचावं लागतं, नुसतं मोजून चालत नाही. स्टीमवर फक्त अंगठा वर किंवा खाली, तिसरं काही नाही, त्यामुळे ८० टक्के म्हणजे दहापैकी आठ नव्हे, शंभरातल्या ऐंशी जणांनी ‘घ्या’ म्हटलं एवढाच अर्थ, त्यातले सत्तर जण ‘ठीकठाक आहे, घ्या’ म्हणणारे असू शकतात. आणि खाली गेलेला अंगठा गेमसाठीच असतो असंही नाही. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ या गेमला सोनीने पीसीवाल्यांसाठी पीएसएन, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशनवालं ऑनलाइन अकाउंट, सक्तीचं करायचं ठरवलं, आणि जगातल्या कितीतरी देशांत ते अकाउंट काढताच येत नव्हतं, तर तीन दिवसांत दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले. गेम काल होता तसाच आज होता. तो मोर्चा होता, रिव्ह्यू नव्हता, आणि मोर्चा जिंकला, सोनीने निर्णय मागे घेतला. माझ्या मते लोकांनी बरोबर केलं. पण त्या आठवड्यात तू नुसता लाल आकडा बघितला असतास तर गेमच भंगार आहे असं समजून पुढे गेला असतास.

सिल्कसाँगचंही तसंच झालं थोडं. ४ सप्टेंबर २०२५ ला आला, साडेसहा वर्षं वाट बघितल्यावर, आणि तो बनवणाऱ्या टीम चेरीने आधी कुणालाच रिव्ह्यू कोड दिला नाही, म्हणजे त्या दिवशी समीक्षक आणि तू एकाच रांगेत, आणि त्या रांगेने स्टीमसकट स्टोअर्स पाडली. दोन दिवसांत चिनी भाषेतल्या रिव्ह्यूंचा आकडा धडाधड खाली आला. का, तर भाषांतर. साध्या सुटसुटीत वाक्यांचं कसलंतरी जुन्या पोथीतल्यासारखं चिनी करून ठेवलेलं, लोक वैतागले. विचार कर, कुणी मराठीत गेम आणला आणि त्यातला किडा (या गेममधली पात्रं किडेच आहेत) ‘हे वत्सा, तव गंतव्य कोठे?’ असं विचारायला लागला तर आपणही अंगठा खालीच केला असता. पण तू तर इंग्रजीत खेळणार, मग त्या तक्रारीचा तुला काय उपयोग? आता स्टीम भाषेनुसार वेगळा आकडाही दाखवतं, ते एक बरं झालं.

बरं, एक्सपिडिशन ३३.

मला तो गेम प्रचंड आवडलाय, आधीच सांगून टाकते. फ्रान्समधल्या मॉन्पेलिए गावातल्या छोट्याशा स्टुडिओने केलेला, एप्रिल २०२५ मध्ये आला आणि डिसेंबरच्या गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर धरून नऊ बक्षिसं घेऊन गेला. ती सुरुवात आठव. समुद्रापलीकडे तो खांब, त्यावर दर वर्षी एक आकडा लिहिला जातो, आणि तेवढ्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन उडून जातात. नायक गुस्ताव त्याच्या जुन्या प्रेयसीचा, सोफीचा, हात धरून उभा आहे आणि हातातला हात पातळ होत जातो. मी चहा करायला उठले होते, तशीच गॅससमोर उभी राहिले, गॅस लावलाच नाही. पण हे सगळं माझं झालं. तू लिहिलंयस की वार झेलायच्या टायमिंगने डोकं उठलं आणि मॅप नसल्याने गोल गोल फिरलास. अरे, हाच तर रिव्ह्यू आहे! ‘मास्टरपीस’ असं छापलेल्या शंभर मथळ्यांपेक्षा तुझ्या या दोन वाक्यांत एखाद्या अनोळखी माणसाला जास्त कामाची माहिती आहे, आणि दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, बक्षिसं देणाऱ्यांनाही त्या माहीत होत्या. त्यांनी त्या चालवून घेतल्या, तुला नाही घेता आल्या. ‘माझ्यात काय कमी आहे’ हा प्रश्न कुठून आला मधेच? कारल्याची भाजी न आवडणाऱ्याला आपण जिभेचा डॉक्टर दाखवत नाही.

सोडायचाच असेल तर खुशाल सोड, पैसे दिलेत म्हणून पोट भरल्यावरही ताट संपवायची सवय आपल्याला आईने लावलीये, ती गेमला लावू नकोस. पण एक शेवटचा प्रयत्न करून बघायचा असेल तर डिफिकल्टी खाली आणून ‘स्टोरी’वर ठेव आणि झेलायच्या भानगडीत न पडता नुसता चुकव, चुकवायला वेळ जास्त मिळतो, गेम स्वतःच सुरुवातीला तसं सुचवतो. यात कमीपणा काही नाही. ज्याला कमीपणा वाटतो त्याने तुझा ईएमआय भरावा.

आणि मित्र. तू खोटं का बोललास ते कळतं मला, सगळे रडले म्हणतायत आणि आपण ‘बोअर झालं’ म्हणायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबी नको म्हटल्यासारखं, लगेच चार जण आग्रहाला येणार. पण त्यांच्यातलाही एखादा न संपवताच ‘रडलो’ म्हणत नसेल कशावरून? सविस्तर कबुलीजबाब नको, आज रात्री ग्रुपवर एवढंच टाक, ‘ऐका रे, एक्सपिडिशन मी संपवलाच नाहीये, सहा तासांत सोडला, उगाच फेकलं होतं. मॅपने वेड लावलं. शिव्या घाला आता.’ दोन दिवस घालतील. मग त्यातलाच एक जण पर्सनलवर येऊन म्हणेल की मीपण दुसऱ्या ॲक्टलाच अडकलोय यार. नाहीच आला कुणी तरी निदान माइक चालू राहील तुझा.

आता पुढच्या खरेदीचं, हे तुझ्यासारखंच मोजून मापून घेणाऱ्या बाकीच्यांनीही वाचा. आमच्या लहानपणी रिव्ह्यू वगैरे नव्हते, गल्लीतला कॅसेटवाला म्हणायचा ‘हा भारी आहे, घेऊन जा’ आणि आम्ही घरी येऊन कॅसेटला फुंकर मारून टीव्हीसमोर बसायचो. तो माणूस खोटं बोलायचा, पण त्याला काय आवडतं ते आम्हाला पाठ होतं. त्याला गाड्यांचे गेम आवडायचे, म्हणून गाड्यांचा सोडून बाकी कशालाही तो ‘भारी’ म्हणाला की आम्ही डोळे झाकून घ्यायचो. तुलाही असे दोन-तीन कॅसेटवाले शोधायचेत. मोठं नाव नको, ज्याची आवड तुला कळलीये असा माणूस हवा, आणि ज्याच्याशी तुझं दरवेळी उलटंच मत पडतं असा मिळाला तर त्याहून उत्तम, तो ज्याला शिव्या घालेल ते तू घे.

पहिल्या दिवशी घ्यायचं नाही, पंधरा दिवस थांबायचं, तोवर मशीनच्या तक्रारी बाहेर येतात आणि पॅचही, म्हणजे कंपनीच्या दुरुस्त्याही, येतात. रिव्ह्यू वाचताना सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून दे आणि मधले मार्क देणाऱ्याचा वाच, त्याला काय आवडलं आणि काय खटकलं दोन्ही लिहावं लागतं, सुटका नसते. स्टीमवर तुझ्यासारखंच कार्ड असलेल्यांचे रिव्ह्यू सर्च करून बघ. आणि तरी चूक झालीच तर स्टीम चौदा दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास भरायच्या आत पैसे परत देतं, फक्त ते दोन तास हुशारीने वापर. वाइल्ड्ससारखा गेम पहिल्यांदा चालू केला की शेडर, म्हणजे चित्रं दाखवायची आतली तयारी, बनवत बसतो, तो वेळही तुझ्या दोन तासांतच धरला जातो, मग गोष्ट सांगतो, मग कुठे शिकार. म्हणून मोबाइलवर दीड तासाचा अलार्म लाव आणि अलार्म वाजला की स्वतःला विचार, उद्या परत लावीन का हा? पीएसवाल्यांनो, तुमचं अवघड आहे, डाउनलोड सुरू केलंत की सोनी सहसा पैसे देत नाही, पण तुम्ही डिस्क घेऊन खेळून झाल्यावर विकू शकता, ४,९९९ चा गेम निम्म्यात पडतो.

राहिला सिल्कसाँग. तुझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालेल, ती काळजीच नको. पण तू टायमिंगने वैतागणारा आणि हा गेम म्हणजे सगळं टायमिंगच, वर बऱ्यापैकी सुरुवातीलाच काही शत्रू एका फटक्यात दोन-दोन जीव घेतात, इतकी बोंब झाली की पहिल्याच पॅचमध्ये टीम चेरीने सुरुवातीचे दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, थोडे सोपे केले. म्हणून आधी २०१७ चा पहिला हॉलो नाइट सेलमध्ये घे, बराच स्वस्त मिळतो, आणि तो जमला तर मग बघ.

तरी एक सांगते. सिल्कसाँगमध्ये लास्ट जज नावाचा बॉस आहे. मेलं की लांबून उड्या मारत, वाटेतले शत्रू चुकवत परत त्याच्यापर्यंत जायचं, मी तीन रात्री तेच करत होते. तिसऱ्या रात्री पावणेएकला तो पडला, मी कंट्रोलर बाजूला ठेवला, दोन्ही हात वर केले, नवऱ्याला हाक मारली की अहो या, बघा, पडला एकदाचा. आणि तो पडलेला जज पेटला, फुटला आणि त्याच्या शेजारी उभी असलेली मी मेले. मी वाचलेल्या एकाही रिव्ह्यूत हे नव्हतं. मी पाच मिनिटं हसत होते. नवरा म्हणाला, मी असतो तर लॅपटॉप बंद करून टाकला असता. तू आमच्या दोघांपैकी कोण आहेस ते बघ आणि ठरव.

— तुझी ताई